गवताचं बी मृगात टाकावं की हस्तात?

आमच्या मालाड पश्चिमेच्या सोसायटीमागे मोकळं अंगण आहे. तिथे मी पहिल्यांदा हरळीचं बी टाकलं ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. पाऊस लागलाय, पाणी घालायची कटकट नाही, असा हिशेब. त्याच रात्री दोन तास कोसळला. सकाळी बघतो तर सगळं बी गटाराच्या जाळीपाशी येऊन साचलेलं, पाण्यावर तपकिरी साय धरावी तसं. पंधरा दिवसांनी हिरवळ उगवली, पण जाळीभोवतीच, हातभर पट्ट्यात. बाकीचं अंगण मुरमाचं ते मुरमाचंच.

मालाडमध्ये गवताच्या बियांचा खरा वैरी ऊन नाही, पाऊस आहे, हे त्या जाळीने शिकवलं. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैची सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर जाते. २६ जुलै २००५ ला तर दिवसभरात ९४४ मिलिमीटर पडला. खसखशीएवढं बी, तेही अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल पुरायचं नाही, अशा पाण्यात टिकणार कसं? म्हणून बी टाकायचं ते एकतर जोराचा पाऊस लागायच्या आधी, नाहीतर तो ओसरल्यावर.

आधीचा मुहूर्त मृगाचा, म्हणजे ७-८ जूनपासूनचा. पण नक्षत्र पंचांगाप्रमाणे लागलं तरी पाऊस लागेलच असं नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो. प्रत्यक्षात २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, म्हणजे आर्द्रात. आणि २०२५ मध्ये २६ मेलाच, रोहिणीत. वर त्या वर्षी एवढ्या लवकर येऊन त्याने जूनच्या पूर्वार्धात दडी मारली. मेअखेरच्या सरींवर भुलून ज्यांनी बी टाकलं आणि पाणी दिलं नाही, त्यांचे कोंब सुईएवढे असतानाच करपले. तेव्हा तारखेऐवजी माती बघा. कुदळीने वीतभर खणून खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला तर पेरा, भुगा पडला तर थांबा.

हा मुहूर्त चाऱ्याच्या गवतासाठी. वसई-पालघरकडे ज्यांची वरकस जमीन आहे त्यांनी मारवेल, दीनानाथ किंवा स्टायलो याच वेळी टाकावं. स्टायलो खरं तर गवत नाही, शेंगवर्गीय आहे, पण गवतात मिसळलं की चारा कसदार होतो. यातलं मारवेलचं बी हलकं, कुसाचं, वाऱ्यावर उडतं. त्यात माती आणि शेण कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा, सावलीत वाळवा आणि मगच फेका. रानगवताचं ताजं बी बहुतेक वेळा झोपलेलं असतं, त्यामुळे गेल्या हंगामातलं जुनं बी घ्यावं. बाजारात ‘एकदम नवं’ म्हणून जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जा.

तबेलेवाल्यांना मात्र बियांची गरजच नाही. १९४९ साली उभ्या राहिलेल्या आरे दुग्ध वसाहतीच्या ओलसर भागात म्हशींसाठी पॅरा गवत लावतात ते कांड्यांनी. त्याचं बी भरवशाचं नसतं. दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या जून-जुलैत चिखलात तिरप्या खोचल्या की झालं. तिथे पाऊस मित्रच. नेपिअरचंही तसंच, फक्त त्याला पाणी तुंबलेलं चालत नाही.

हिरवळीसाठी मी मृगापेक्षा हस्त बरा मानतो. हे नक्षत्र २६-२७ सप्टेंबरला लागतं, आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास पाऊस मुंबईतून निघतो. दुपारी एखादी गडगडाटी सर, बाकी दिवसभर ऊन, जमीन आतून उबदार. ज्या ऑक्टोबर हीटला आपण शिव्या घालतो ती हरळीला मानवते; आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. पुढे डिसेंबर-जानेवारीत रात्री गार झाल्या की तेच बी रेंगाळतं, आणि एप्रिल-मेमध्ये पाणीकपातीची टांगती तलवार असते.

मालवणी, मार्वे, मढकडच्या खाडीलगतच्या जमिनींना तर हस्तच सोयीचा. उन्हाळ्यात तिथे मीठ वर येऊन जमीन पांढुरकी दिसते. चार महिन्यांचा पाऊस ते धुऊन खाली नेतो, मग बी रुजतं. खारटपणा सोसायला हरळी चिवट आहे, पण रुजून अंग धरेपर्यंत तिलाही गोडं पाणी लागतं. मुळं पसरायच्या आत मीठ परत वर येऊ नये म्हणून पाणी तोडू नका.

शंभर चौरस मीटरला पाव किलो बी पुरतं. त्याच्या चौपट बारीक वाळू मिसळायची. निम्मं उभं फेकायचं, निम्मं आडवं. वरून चाळलेल्या मातीचा हात फिरवायचा आणि ओलं गोणपाट अंथरायचं. गोणपाट सरीपासून वाचवतं आणि मुंग्या-कबुतरांपासूनही. कोंब टेकू लागले की संध्याकाळी काढा, दुपारी नको. पेरण्याआधी शंभर बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवून बघा. साठही फुटल्या नाहीत तर पाकीट दुकानदाराला परत.

पाकिटावरून आठवलं. ऑनलाइन मिळणारं केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू हे थंड मुलखाचं गवत. चित्र झकास असतं, पण मालाडच्या मेमध्ये त्याचं काही उरत नाही. आणि ‘मेक्सिकन लॉन’चं बी कुणी विकत असेल तर घेऊ नका, ते लावतात ते मुळांच्या तुकड्यांनी किंवा तयार चौकोनांनी.

गंमत अशी की, देशावरचा शेतकरी ज्या हरळीला खणून खणून थकतो, ती आपण इथे पैसे मोजून आणतो. गणपतीत तर तिचीच जुडी दूर्वा म्हणून विकत घेतो. गावाकडचे मामा माझ्या अंगणात आले तेव्हा कोंब बघून सवयीने खाली वाकले, उपटायलाच. मी हात धरला. पहिली कापणी अजून महिन्याने होती.