पुसलेली ए बाजू

जुन्या बँडमधला माणूस बऱ्याच वर्षांनी एकट्याच्या नावावर अल्बम काढतो, तेव्हा तो ऐकायला आपण कोऱ्या कानांनी बसत नाही. मी तर मनात निकाल लिहूनच बसलो होतो. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून हे सांगतो आहे.

१९८८ च्या उन्हाळ्यात माझा मामेभाऊ दुबईहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी जॉर्ज हॅरिसनच्या ‘क्लाउड नाइन’ची कॅसेट आणली. बीटल्सवर माझा जीव, हे त्याला ठाऊक होतं. पण माझ्या मनातला हॅरिसन वेगळाच होता. १९६६ मध्ये मुंबईत येऊन रविशंकरांकडे सतार शिकलेला. १९६८ च्या जानेवारीत एचएमव्हीच्या इथल्या स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’साठी आपल्या वादकांबरोबर बसलेला. ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीत त्याच दिवसांत इथे मुद्रित झालं, त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची. गिरगावातल्या कॉलेजच्या पोराला तो घरचाच माणूस वाटायचा. त्यात १९८२ चा ‘गॉन ट्रॉपो’ ऐकून मी खट्टू झालो होतो. पुढे पाच वर्षं त्याचा अल्बमच नाही. बाग फुलवतो, सिनेमे काढतो, एवढंच कुठेतरी वाचायला मिळे.

कॅसेट लावली ती पुढे पळवून, थेट बी बाजूच्या शेवटच्या गाण्यावर. ‘गॉट माय माइंड सेट ऑन यू’ जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, म्हणून आधी तेच. ड्रमचे धपाधप ठोके, एकच ओळ फिरून फिरून. बरं, गाणं त्याचं स्वतःचंही नाही. रूडी क्लार्कने लिहिलेलं, साठच्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स रेने गायलेलं. इतक्या वर्षांनी परतलेल्या माणसाकडे स्वतःचं गाणं नसावं, याचा मला राग आला. ए बाजू अर्धीमुर्धी ऐकली. सतार कुठेच नाही. महिन्याभरात कॅसेटच्या वरच्या कडेच्या खाचा चिकटपट्टीने बुजवल्या आणि ए बाजूवर आकाशवाणीचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम भरून घेतला.

पुढच्या सुट्टीत मामेभावाने तीच कॅसेट लावायला सांगितली. काय झालं ते कळल्यावर तो एवढंच म्हणाला, “पूर्ण ऐकलीस तरी का रे?” ऐकली नव्हती. त्याने पुन्हा कधी माझ्यासाठी कॅसेट आणली नाही.

ज्या गाण्यावर मी निकाल दिला, त्याची हकिगत मला फार उशिरा कळली. सप्टेंबर १९६३ मध्ये, बीटल्सना अमेरिकेत कोणी ओळखत नव्हतं तेव्हा, हॅरिसन इलिनॉयमध्ये बहिणीकडे गेला होता. तिथे त्याने जेम्स रेची रेकॉर्ड विकत घेतली. म्हणजे ते गाणं चोवीस वर्षं त्याच्याबरोबर होतं. मी ज्याला आळस म्हटलं तो जुना लळा होता. म्हणून सांगतो, अशा अल्बमची सुरुवात गाजलेल्या गाण्यापासून करू नका. हॅरिसनने ते सगळ्यात शेवटी ठेवलं होतं आणि मी ते सगळ्यात आधी ऐकलं.

ऐकण्याआधी आतला कागदही वाचावा. माझ्या कॅसेटमध्ये तो होता, मी उलगडलाच नाही. सहनिर्माता जेफ लिन, इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राचा. तो ठोका बराचसा लिनचा आणि १९८७ चा आहे. टॉम पेटीचा ‘फुल मून फीव्हर’ ऐकलात तर हाच हात ओळखू येईल. एकदा तो कुणाचा ते कळलं की कान त्याला बाजूला ठेवायला शिकतो आणि खालचं ऐकू येतं. माझ्यासाठी खाली होती स्लाइड गिटार. ‘जस्ट फॉर टुडे’मध्ये ती एका सुरावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा मला सरळ मींड ऐकू येते. सतार मी डोळ्यांनी शोधत होतो. ती त्याच्या बोटांत उतरली होती.

दुसरी चूक याच्या अगदी उलट, आणि तिच्याबद्दल कोणी सावध करत नाही. २९ नोव्हेंबर २००१ ला हॅरिसन गेला. मी काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून ‘क्लाउड नाइन’ची सीडी आणली आणि भेटेल त्याला सांगत सुटलो की याच्यासारखा अल्बम नाही. तेही ऐकणं नव्हतं. तो शोक होता, त्यात पुसलेल्या कॅसेटची भरपाई मिसळलेली. माणूस म्हातारा झालाय, आजारी आहे, बिचारा परत आलाय, अशा भावनेने दिलेली दाद कलावंताच्या काही कामाची नसते.

आता मी आठवड्याच्या अंतराने तीनदा ऐकतो, अख्खा अल्बम, क्रमाने. दर वेळी दोन ओळी लिहितो आणि आधीच्या ओळी तिसऱ्या वेळेपर्यंत वाचत नाही. त्या पद्धतीने ‘क्लाउड नाइन’बद्दल आज म्हणेन: ‘जस्ट फॉर टुडे’, ‘धिस इज लव्ह’, ‘डेव्हिल्स रेडिओ’ पक्की गाणी आहेत. ‘फिश ऑन द सँड’ कानावरून जातं. ‘ब्रेथ अवे फ्रॉम हेवन’ मुळात ‘शांघाय सरप्राइज’ या सिनेमाचं, आणि ते इथे पाहुण्यासारखं अवघडून बसतं. ‘व्हेन वी वॉज फॅब’मध्ये तो जाणूनबुजून जुन्या घरी जातो: चेलो, रिंगो स्टारचे ड्रम, शेवटी सतार. एका गाण्यापुरता जातो आणि निघतो. बँड परत मागण्याआधी, तो परत देणं त्या माणसाला जमतं का आणि त्याने तो का दिला नाही, हे विचारायला हवं होतं. मी ते विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती कॅसेट सापडली. मामेभाऊ घरीच होता, आता निवृत्त. जुन्या टेपवर ए बाजू लावली. नाट्यपद संपलं, निवेदिकेचा आवाज आला आणि मध्येच तुटला. कार्यक्रम टेपपेक्षा थोडा लहान होता. मग काही सेकंद सतार वाजली, ‘व्हेन वी वॉज फॅब’चा शेवट. आम्ही दोघं उभेच होतो.

“एवढं राहिलं बघ,” तो म्हणाला, आणि टेप मागे फिरवायला लागला.