केशवर्धक तेलांची पारख

‘अमुक तेल लावा, एका महिन्यांत टकलावर केस उगवतील,’ अशी जाहिरात वाचली नाहीं असा मनुष्य विरळा. माका, आवळा, जास्वंद, ब्राह्मी हीं नांवें आपल्या ओळखीचीं असल्यामुळें तिजवर विश्वासहि चटकन् बसतो. तो विश्वास सार्थ कीं व्यर्थ, हें ठरविण्याची रीत कोणती, याचा विचार येथें करूं.

प्रथम केसांचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. मनुष्याच्या डोक्यावर सुमारें १,००,००० केस असतात. प्रत्येक केस कांहीं वर्षें वाढतो, सुमारें तीन महिने विश्रांति घेतो व नंतर गळतो. पुढें त्याच मुळांतून नवा केस येतो. म्हणून निरोगी माणसाचेहि रोज ५० ते १०० केस गळतातच. विषमज्वरासारखा मोठा ताप किंवा बाळंतपण झालें म्हणजे पुष्कळ केस एकदम विश्रांतीस जातात आणि दोन-तीन महिन्यांनीं फणीबरोबर पुंजके निघूं लागतात. घरचीं माणसें घाबरतात. परंतु मूळ कारण दूर झालें असल्यास ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आंत आपोआप थांबते.

नेमक्या याच वेळीं कोणीं तेलाची बाटली आणली, तर सारें श्रेय बाटलीस मिळतें! कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडते, ती अशी.

मग खरी परीक्षा कोणती? तुलना. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथें चाई पडलेल्या ८६ रोग्यांवर एक प्रयोग झाला. तो १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. रोग्यांचे दोन गट केले. एका गटानें थाईम, रोझमेरी, लव्हेंडर व सीडर यांचे अर्क घातलेलें तेल रोज डोक्यास चोळलें. दुसऱ्यानें तेंच मूळ तेल, पण अर्कांवांचून. कोणास काय दिलें हें परीक्षकांसहि ठाऊक नव्हतें. सात महिन्यांनीं पहिल्या गटांतील ४३ पैकीं १९ जणांस गुण आला, दुसऱ्यांतील ४१ पैकीं ६ जणांस.

विद्यार्थिमित्रहो, या सहा जणांकडे नीट पाहा. अर्काचा थेंबहि न लागतां त्यांस गुण आला. त्यांच्याकडून प्रशस्तिपत्रें मागविलीं असतीं, तर साध्या तेलाचीहि सहा पत्रें छापून आलीं असतीं! अर्कांत कांहीं गुण दिसला हें खरें. परंतु निम्म्याहून अधिक जणांस तो आला नाहीं, आणि चाई हा निराळा रोग असल्यानें आनुवंशिक टकलास हा निकाल लागू पडत नाहीं.

तशा टकलासाठीं इराणांत रोझमेरीच्या तेलाची मिनॉक्सिडिल या औषधाशीं तुलना झाली. तिचा निकाल २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनीं दोन्ही गटांत केस सारखेच वाढलेले आढळले. तीन महिन्यांपर्यंत मात्र कोणांतहि लक्षणीय फरक नव्हता. मग ‘एका महिन्यांत’ म्हणणाराची किंमत काय करावी? तथापि या प्रयोगांतहि कांहींच न लावणारांचा तिसरा गट नव्हता, ही उणीव विसरूं नये.

म्हणून घरचें तेल टाकून द्यावें असें नाहीं. खोबरेल लावल्यानें धुतांना केसांची होणारी झीज कमी होते, हें प्रयोगानें दिसून आलें आहे. मात्र असलेला केस राखणें निराळें आणि नवा उगवणें निराळें.

पालकांनीं एक गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. मुलाच्या डोक्यावर खपल्यांसह केस तुटलेला चट्टा दिसल्यास तो बहुधा नायटा असतो. त्यास पोटांत घेण्याचें औषध लागतें. तेल चोळीत बसल्यास तो इतर भावंडांस लागतो, व फार चिघळल्यास तेथील केस कायमचे जातात. रक्तक्षय व थायरॉईड ग्रंथीचे विकार यांनींहि केस गळतात. तेव्हां आधीं वैद्यकीय तपासणी व मग तेल, हाच क्रम असावा.

सारांश, जाहिरात हातीं पडली म्हणजे तीन प्रश्न विचारावे: गुण कोणत्या रोगास आला? किती जणांपैकीं किती जणांस? आणि औषध न घेणारांचें काय झालें? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर जेथें नाहीं, तेथें पैशाची थैली उघडण्याची घाई करूं नये.