तुझा काढा घरीच ठेव

अगं, जीव द्यायचे विचार येणाऱ्यांसाठीच्या हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून नाव दिलंस, छान केलंस. आईची समजूत मी काढते. पण तुझ्या सल्ले द्यायच्या सवयीचं काय करायचं? घरात कुणी शिंकलं की तुझा काढा तयार! तिकडे ते चालायचं नाही. ‘सगळं ठीक होईल’, ‘आईबाबांचा तरी विचार कर’ हे फोन करणाऱ्या माणसाने आधीच पुष्कळ ऐकलेलं असतं. पुन्हा ऐकवलंस की तो गप्प होतो, नाहीतर फोन ठेवतो.

१९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या पाद्र्याने चर्चमध्ये अशा माणसांसाठी फोन सुरू केला. भेटायला येणाऱ्यांना ताटकळावं लागे, तेव्हा स्वयंसेवक त्यांना चहा देऊन बोलत बसायचे. कितीतरी जण तेवढ्यानेच मोकळे होऊन, व्हाराला न भेटताच घरी जायचे. ‘समॅरिटन्स’ ही त्याची संस्था उभी राहिली ती या चहावाल्यांच्या जोरावर. तुझंही काम तेच, फक्त चहा नाही.

आणि नव्या मुली जिथे अडखळतात ते ऐक. ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ हे सरळ विचारायचं. आडवळणाने नाही. विचारल्याने नसलेलं खूळ डोक्यात शिरत नाही. उलट एकदाचं कुणीतरी बोललं, म्हणून माणूस सुटतो. ‘हो’ म्हणाला तर पुढचं विचार: काही ठरवलंय का, कधी, आत्ता जवळ कोण आहे. धोका वाटला तर वरिष्ठांना लगेच खूण कर. तो भार एकटीने उचलायचा नसतो. गुप्तता कधी मोडायची, हा तुमच्या संस्थेचा नियम प्रशिक्षणातच खोदून विचारून घे.

‘पोलीस केस होईल का?’ असंही विचारतील. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलंय. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असं सांगितलंय.

सगळ्यात जड जातं ते फोन ठेवल्यावर. पुढे त्या माणसाचं काय झालं, हे बहुतेकदा तुला कधीच कळणार नाही. म्हणून ड्यूटी संपली की वरिष्ठांशी बोलल्याशिवाय निघायचं नाही, कितीही उशीर होवो. स्वतःचा नंबर कुणाला द्यायचा नाही, कितीही दया आली तरी. आणि तुलाच झोप येईनाशी झाली तर मला फोन करून उठव. मी नाही उचलला तर १४४१६ लाव, सरकारचं टेली-मानस. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.