खारवट भातशेतीत जिवाणू खतांचा वापर



खाडीकाठच्या भातशेतीचे दुखणे तुम्हांला नव्याने सांगायला नको. बांधाला खांड पडले किंवा उघाडीचे झडप नादुरुस्त झाले की भरतीचे पाणी शेतात शिरते आणि उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पांढरा थर दिसू लागतो. पावसाने हे मीठ धुऊन जाते म्हणूनच येथे भात पिकते. पावसाने ओढ दिली की मीठ पुन्हा वर येते व रोपांचे शेंडे करपतात.

अशा जमिनीसाठी जिवाणू खत उपयोगी आहे. परंतु 'हे जिवाणू मीठ खातात' हा समज साफ चुकीचा आहे. ते रोपाला मीठ सोसण्यास मदत करतात. एवढे ध्यानात ठेवले तर पुड्यावरचा खर्च वाया जाणार नाही.

जिवाणू काय करतात?

जमिनीत मीठ वाढले की पाणी असूनही मुळांना ते ओढून घेता येत नाही. शिवाय पालाशऐवजी सोडियम रोपात शिरते. भात पिकाला रोपावस्था आणि फुलोरा या दोन वेळा सर्वांत नाजूक असतात. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता सुमारे ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागते.

अॅझोस्पिरिलम हे जिवाणू मुळांवर व मुळांत राहून हवेतील नत्र स्थिर करतात आणि मुळांची वाढ करणारे संप्रेरक तयार करतात. त्यामुळे तंतुमुळे वाढतात. स्फुरद विरघळविणारे जिवाणू जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात. ताण पडला की रोपात इथिलीन वाढून मुळांची वाढ खुंटते. स्यूडोमोनस व बॅसिलस गटांतील काही जिवाणू हे इथिलीन ज्या घटकापासून बनते तो घटकच तोडतात. काही जिवाणू मुळांभोवती चिकट पदार्थ सोडून थोडे सोडियम तेथेच बांधून ठेवतात.

मात्र जिवाणूंनाही मीठ बाधते. म्हणून क्षार सोसणारे जिवाणू निवडावे लागतात. केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेच्या लखनौ येथील केंद्राने अशा जिवाणूंपासून 'हॅलो-अॅझो' व 'हॅलो-पीएसबी' ही द्रवरूप खते तयार केली आहेत.

आधी मीठ धुवा

लावणीपूर्वी बांध व उघाडी दुरुस्त करावी. पहिल्या पावसाचे पाणी शेतात साठवून ओहोटीच्या वेळी काढून टाकावे व असे दोन-तीन वेळा करावे. पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ यांसारखी क्षार सोसणारी जात घ्यावी. रोपवाटिका गोड्या जमिनीत करावी.

वापरण्याची पद्धत

१) बीजप्रक्रिया : मिठाच्या द्रावणात बियाणे निवडले असल्यास ते गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे. बुरशीनाशक आधी व जिवाणू खत शेवटी लावावे. १० किलो बियाण्यास अॅझोस्पिरिलम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू प्रत्येकी २५० ग्रॅम लावून बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे.

२) रोपांची मुळे बुडविणे : एक हेक्टरच्या रोपांसाठी ४० लिटर गोड्या पाण्यात दोन्ही खते प्रत्येकी १ किलो कालवावीत. त्यात मुळे १५ ते ३० मिनिटे बुडवून लगेच लावणी करावी. खाडीचे पाणी वापरू नये.

३) लावणी : फार कोवळी रोपे लावू नयेत. एका चुडात ३ ते ४ रोपे लावावीत.

घ्यावयाची काळजी

पुड्यातील जिवाणू जिवंत असतात. पुडा पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवल्यास ते मरतात व हाती नुसती भुकटी उरते. पुड्यावरील अंतिम तारीख पाहूनच खरेदी करावी. जिवाणू खत रासायनिक खतात मिसळू नये. माती परीक्षणानुसार द्यावयाची खते बंद करू नयेत, कारण जिवाणू खत हे पूरक आहे.

स्वतः पडताळून पाहा

पहिल्या वर्षी सगळ्या शेतात खर्च करू नका. शेजारशेजारची, सारख्याच उंचीची दोन खाचरे निवडा. एकात प्रक्रिया केलेली व दुसऱ्यात न केलेली रोपे लावा. बाकी मशागत सारखी ठेवा. फुटव्यांच्या वेळी प्रत्येकी दहा चुडांचे फुटवे मोजा. कापणीला सारख्याच क्षेत्रातील भात झोडून वजन करा. फरक दिसला तर पुढच्या वर्षी क्षेत्र वाढवा. फरक दिसला नाही तर आधी बांध, उघाडी आणि पुड्याची तारीख तपासा.