पाड्यावर संमती घेताना: कागद की टॅब?

मोखाडा तालुक्यात आरोग्याच्या संशोधनासाठी लोकांची संमती कागदावर घ्यायची की टॅबवर, याचा निकाल ऑफिसात लावू नका. दोन्ही घेऊन पाड्यावर जा. फक्त ही चाचणीही एथिक्स कमिटीच्या मंजुरीत बसवून घ्या.

आधी वेळ साधा. लावणीत कोणाला बोलायला सवड नसते आणि दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. मधल्या दिवसांत, संध्याकाळी, आशाताईंना आधी कळवून जावं.

माहितीपत्रक एका पानावर आणा: काय करणार, किती वेळ, त्रास काय, फायदा काय, माहिती कोण बघणार, नाही म्हटलं तर काय. तेच वारलीत किंवा पाड्यावर जी बोली चालते तीत, तिथल्याच माणसाच्या आवाजात, लहान तुकड्यांत टॅबवर भरा. रेंजवर विसंबू नका. सगळं ऑफलाइन चाललं पाहिजे.

आता काहींना कागद वाचून दाखवा, काहींना टॅब ऐकवा. मग दोन्ही बाजूला ठेवून विचारा: रक्त घेणार का? मधेच सोडता येईल का? नकार दिला तर रेशन बंद होईल का? ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारूच नका. पाहुण्याचा मान राखायला सगळेच ‘हो’ म्हणतात. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. रेशनच्या प्रश्नावर माणूस अडखळला, तर तिथे संमती झालेली नाही, मग खाली अंगठा कितीही ठसठशीत असो.

अंगठ्याचंही पाहा. नांगर-कोयत्याने घट्टे पडलेलं किंवा पावसात भिजलेलं बोट काचेवर नीट चालत नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा न उमटण्याचा धसका अनेकांनी घेतलेला असतो. शाईच्या पॅडवर ते काम चटकन होतं. वाचता न येणाऱ्याजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचता येणारा, संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवा आणि त्याची सही घ्या. एक प्रत त्या घरी द्या. रेशनकार्ड, आधार ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असतं, तिच्यातच ही प्रत जाते. टॅबमधली प्रत मात्र टॅबबरोबर परत जाते.

आश्रमशाळेतली मुलं असतील तर अधीक्षकांच्या सहीवर भागवू नका. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात वसतिगृहांच्या वॉर्डननी मुलींच्या वतीने सह्या केल्या. 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर 7 ते 12 वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी होकार लागतो.

माझं मत विचाराल तर ऐकवायला टॅब, अंगठ्याला कागद. तुमच्या पाड्यावर वेगळं दिसलं तर तसं करा. पण जे ठरेल ते कमिटीकडून मंजूर होऊन हातात येईपर्यंत प्रत्यक्ष संशोधनासाठी पहिल्या घराची पायरी चढू नका.