हाताला काम, कामाला शिक्षण
(सभासद अभ्यास लेख)



दहावीचा निकाल लागला की गट ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येते. "साहेब, पोरगं दहावी झालंय, कारखान्यात कुठंतरी चिकटवा की." बापाची काळजी खरी असते. आजोबांची आठ एकर जमीन वाटण्या होऊन नातवाच्या वाट्याला दीड-दोन एकर आलेली असते. तेवढ्या उसावर संसार भागत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. परंतु "मुलाला काय येतं?" असे विचारले की तो गप्प होतो. दहा वर्षे शाळेत गेलेल्या मुलाला पान्याचे माप सांगता येत नाही, विजेचे बिल वाचता येत नाही, वाफ्याचे क्षेत्र काढता येत नाही. मग शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे रोजंदारी करावी लागते. तिथे पाच वर्षांनीही तो पहिल्याच पायरीवर दिसतो.

दोष एकट्या मुलाचा नाही. शाळा आणि काम यांच्यामध्ये आपण भिंत बांधून ठेवली आहे. ती कशी पाडायची, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

१. धडा आपल्याच जिल्ह्यातला

हा विचार परदेशातून आणण्याची गरज नाही. तो सातारा जिल्ह्यातच रुजला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम हे सारे मुलेच करीत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ही हकीकत आपल्या भागात घरोघर माहीत आहे.

1940 मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि 'कमवा व शिका' ही रीत माध्यमिक शाळेत आली. 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा ती कॉलेजातही गेली. गरिबाच्या मुलाने दान म्हणून शिकायचे नाही, घामाच्या मोलावर शिकायचे, हे त्यामागचे तत्त्व होते. पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते.

त्याच्याही आधी, 1882 साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत लिहिणे-वाचणे आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे, अशी त्यांची मागणी होती. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव तर आपल्याच खंडाळा तालुक्यात आहे. तेव्हा पुढे जे सांगणार आहोत ते मुलींनाही तितकेच लागू आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे.

२. राबणे वेगळे, शिकणे वेगळे

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मुलाला कामाला लावले म्हणजे तो शिकला, असे होत नाही. आम्ही एके ठिकाणी वर्कशॉपमध्ये 'शिकायला' ठेवलेला मुलगा पाहिला होता. सहा महिने त्याने चहा आणला, लोखंड वाहिले आणि फरशी पुसली. लेथला हात लावू दिला नाही, कारण "बिघडवील" ही भीती. सहा महिन्यांनी तो घरी परतला. बापाला वाटले, पोरगंच कामचुकार. वास्तविक त्याला कुणी काही शिकवलेच नव्हते.

म्हणून मुलाला कुठेही पाठवताना चार प्रश्न विचारावेत.
(अ) शिकवणारा कोण? त्या माणसाचे नाव कळले पाहिजे.
(आ) काय शिकणार? पहिल्या महिन्यात काय, तिसऱ्यात काय, हे सांगता आले पाहिजे.
(इ) नोंद कुठे? रोज काय केले ते मुलाने वहीत लिहावे, शिकवणाऱ्याने सही करावी.
(ई) मोबदला किती व कामाचे तास किती? दोन्ही लेखी असावेत.
चारांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर ती स्वस्त मजुरी आहे असे समजावे.

३. पाबळची रीत

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शास्त्रज्ञ माणूस, पण खेड्यात येऊन बसला. हायस्कूलच्या आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस हाताने काम, असा अभ्यासक्रम त्यांनी बसवला. त्याचे चार भाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. मुले वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात. शिकवायला गावातले कसबी कारागीरही घेतात. मुख्य म्हणजे, मुले गावकऱ्यांची खरी कामे करून देतात. खोटा नमुना करून मोडून टाकायचा नाही. फाटक बसवले तर ते दुसऱ्या दिवशी उघडले-मिटले पाहिजे. चूक झाली तर गिऱ्हाईक सांगते आणि मुलगा ती जन्मभर विसरत नाही.

अशी सोय शाळेत नसली तरी घरच्या रानात सुरुवात करता येते. एक उदाहरण घेऊ. दहा गुंठ्यांत एक डोळ्याची रोपे लावायची आहेत. सरी साडेचार फुटांची, दोन रोपांत अंतर दोन फूट. किती रोपे सांगायची? आठवीतल्या मुलाला विचारा. एका रोपाला 4.5 गुणिले 2, म्हणजे 9 चौरस फूट जागा. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. भागाकार केला तर गुंठ्याला 121 रोपे आली. दहा गुंठ्यांना 1210, एकराला 4840. वर सांधणीसाठी थोडी जादा. हेच गणित फळ्यावर केले तर मुलगा जांभया देतो. रोपवाटिकेला पैसे मोजायचे असले की तोच कान टवकारतो. पुढे हँड रिफ्रॅक्टोमीटरने उसाच्या बुडख्याचा आणि शेंड्याचा ब्रिक्स घ्यायला लावा. दोन्ही आकडे जवळ आले की ऊस पक्व झाला. तोडणी कधी, याचे उत्तर त्याला अंदाजाने द्यावे लागत नाही.

४. दहावीनंतर : शिकाऊ उमेदवारी

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची माहिती फार थोड्या सभासदांना असते. किमान वय 14, परंतु धोकादायक उद्योगांतील कामासाठी 18 पूर्ण लागते. मालक व उमेदवार यांच्यात लेखी करार होऊन त्याची नोंदणी होते. उमेदवार अज्ञान असेल तर पालकाची सही लागते. 2019 च्या नियमांनी 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. त्यांचे प्रमाण अडीच ते पंधरा टक्के ठरवले. विद्यावेतनाचे किमान दरही नियमांत असतात. ते वेळोवेळी बदलतात, म्हणून करार करताना चालू दर पाहावा.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढे रुसवा नको. उमेदवार हा शिकणारा असतो, कामगार नव्हे. आणि उमेदवारी पुरी झाली म्हणजे कायम नोकरी मिळालीच, असेही नाही. पण हातात दाखला असतो आणि हाताला कसब असते. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना दुसरे दार ठोठावता येते. नुसत्या "दहावी पास"ला दुसरे दारही तसलेच मिळते. शक्य असेल त्याने आधी आय.टी.आय. करावे, मग उमेदवारी. पाया पक्का होतो.

५. साखर कारखाना ही शाळाच

गाळप चालू असते तेव्हा सगळेच घाईत असतात. यंत्र फिरते, वाफ चालू असते, शिकवायला उसंत कुणाला? पण हंगाम संपला की दुरुस्ती निघते. मिलचे रोलर उघडतात, बेअरिंग बदलतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात, बाष्पपात्रे साफ होतात, पंप खोलतात. यंत्र आतून कसे असते ते दिसण्याचा काळ हाच. योगायोगाने मे महिन्याची सुट्टी त्यातच पडते. नववी-दहावीच्या मुलांना याच दिवसांत, जबाबदार माणसासोबत, दुरून दाखवावे. अठरा पूर्ण झालेल्यांना उमेदवार म्हणून हाताखाली घ्यावे. माती परीक्षण, रोपवाटिका, हिशेब, काटा, संगणक ही कामेही शिकण्यासारखी आहेत. मुलींनी यांत आणि विजेच्या कामातही मागे राहू नये.

६. कायदा आणि जीव

14 वर्षांखालील मुलाला नोकरीला ठेवणे गुन्हा आहे. 2016 च्या दुरुस्तीने 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामास मनाई केली. घरच्या शेतात शाळा सुटल्यावर वा सुट्टीत मदत चालते, पण धोक्याचे काम तिथेही नको. औषध फवारणी, कडबाकुट्टी, चालू गुऱ्हाळाचा चरखा यांजवळ मुलाला उभे करू नये. गेलेली बोटे परत येत नाहीत. आणि तोडणीला येणाऱ्या टोळ्यांची मुले? त्यांची शाळा कोयत्यापायी सुटते. आपल्या फडात ऊस तोडला जात असताना त्या मुलांना जवळच्या शाळेत बसवणे, हेही आपलेच काम समजावे. 'कमवा व शिका' यातला 'शिका' गळाला की उरते ती बालमजुरी.

गट बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या गावच्या हायस्कूलमध्ये मुलांना हाताने करायला कोणते काम मिळते? ते खरे असते की नमुन्यापुरते?
2. आठवड्यातून अर्धा दिवस शाळेत शिकवू शकेल असा गवंडी, सुतार, वायरमन, मोटार रिवाइंडर गावात कोण आहे?
3. आपल्या मुलाला किंवा मुलीला आज पगाराची कोणती एक गोष्ट येते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बैठकीत द्यायला नको. रात्री जेवताना मुलांना समोर बसवून स्वतःलाच द्यावे. उत्तर "काहीच नाही" असे आले तरी लाज वाटू देऊ नये. निकालाची वाट न बघता, याच सुट्टीत सुरुवात करावी. आणि पुढच्या वर्षी गट ऑफिसात याल तेव्हा मुलाची वही बरोबर आणा. "चिकटवा" म्हणण्याऐवजी "हे बघा, याला हे येतं" असे म्हणता आले, तर आमचेही काम सोपे होईल.