सूर्यकिरण एकवटणाऱ्या थाळीची मांडणी

सूर्याच्या उष्णतेनें यंत्र चालवावें, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. मुंबई हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम अ‍ॅडम्स यांनीं १८७८ सालीं कुलाब्यास सपाट आरशांची चौकट उभारून वाफ काढली व अडीच अश्वशक्तीचें इंजिन चालविलें. फ्रान्सांत मूशो यांनीं चांदीच्या मुलाम्याचा धातु वापरला होता. अ‍ॅडम्स यांनीं कांचेचे आरसे घेऊन तो खर्च टाळला. दप्तरांत वाढलेल्या मनुष्याची ही काटकसर आम्हांस फार आवडली.

हल्लींच्या थाळीचा आकार अन्वस्त, म्हणजे समांतर येणारे सर्व किरण एका बिंदूंत, नाभींत, मिळतील असा असतो. व्यासाच्या वर्गास नाभीच्या अंतराच्या सोळापटीनें भागलें म्हणजे खोली निघते. व्यास ४ मीटर व नाभि २ मीटरांवर असल्यास खोली अर्धा मीटर. सूर्यबिंब सुमारें अर्ध्या अंशाचें असल्यानें नाभींत त्याची प्रतिमा जेमतेम २ सेंटिमीटरांची पडते. आतां एखादा आरसा एका अंशानें जरी कलला, तरी किरण दोन अंशांनीं वळतो व ७ सेंटिमीटर बाजूस पडतो. म्हणून बाष्पपात्राचें तोंड मोठें करावें, तर त्यांतून उष्णता बाहेर निसटते. खरी अडचण हीच.

शिवाय सूर्य ४ मिनिटांत एक अंश सरकतो. तितका वेळ थाळी स्थिर राहिल्यास प्रतिमा साडेतीन सेंटिमीटर ढळते. यास्तव थाळी सतत फिरती हवी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो, तेव्हां पायाच्या खर्चांत कसर करूं नये.

थाळीस थेट ऊनच लागतें. ढगांतून पसरलेला उजेड एकवटत नाहीं. सौरपट्टीस मात्र तोही थोडाबहुत चालतो, व तिला फिरविलेंच पाहिजे असें नाहीं. म्हणून केवळ पंपासाठीं आम्ही पट्टीच सुचवूं. वाफ वाफ म्हणूनच खपते तेथें थाळी शोभते; शिर्डी संस्थानाच्या स्वयंपाकगृहासाठीं २००९ सालीं अशा ७३ थाळ्या बसविण्यांत आल्या.

शिरगाव-बदलापुराकडील बागाईतदारांनीं मिळून जांभळाचा रस तापविण्यास थाळी घ्यावयाची म्हटल्यास एक अडचण आहे: जांभूळ पिकतें तें मृगाच्या आसपास, म्हणजे नेमके ढग जमतात तेव्हां. तेवढ्यापुरती लांकडाची चूल शेजारीं ठेवावीच लागेल, व तिचा खर्च आधींच हिशेबांत धरावा.